वय कुणाच्या वहीत?

दिवाळीच्या आगेमागे बारामती तालुक्यात दोन हालचाली होतात, त्याही उलट्या दिशांनी. सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यातले मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादून वाडे घेऊन बाहेर पडतात. तांबडं फुटायच्या आत मेंढरं पुढे, मागे बाया, घोड्याच्या पाठीवर जातं, कोंबड्या आणि ज्याला अजून चालवत नाही असं पोर. त्याच दिवसांत नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात, म्हणजे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर आणि पुढे इंदापूरकडे, बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागतात. ट्रकच्या हौद्यात भांडी, बाजरीची पोती, शेळ्या आणि पुन्हा तेच, चालायला न येणारं पोर.

एक मूल इथून जातं, एक इथं येतं. दोघांचीही नावं आपापल्या गावच्या अंगणवाडीत नाहीतर शाळेत असतात, आणि दोघंही वर्षातला निम्मा काळ तिथं नसतात. कालवा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढला. तो जिथून गेला तिथं ऊस आला, वालचंदनगरचा कारखाना आला, मग सहकारी कारखाने आले, त्यांच्या मागोमाग शाळा, महाविद्यालयं, दवाखाने आले. मुलांच्या वाढीबद्दल लिहायचं तर बारामती-इंदापूर ही उदाहरण म्हणून जरा अवघड जागा आहे. सोयी नाहीत अशी तक्रार इथं चालत नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्या प्रतिष्ठानसारखी १९७२ पासूनची शिक्षणसंस्था आहे, गावोगाव अंगणवाड्या आहेत. तरीही त्याच शिवारात असं मूल सापडतं ज्याचं नेमकं वय सांगता येणारा कागद दोनशे किलोमीटरवर राहिलेला असतो.

मुलाचं वय कुठं कुठं लिहिलेलं असतं ते पाहू. जन्मापासून माता-बाल संरक्षण कार्डात. आशाताईंच्या वहीत, कारण दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहायचं असं त्यांना ठरवून दिलेलं आहे. (घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेता येते आणि बाळमृत्यू कमी होतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. १९९९ साली ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.) पुढे अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमध्ये, मग शाळेच्या जनरल रजिस्टरात. तोडणीच्या तळावर मात्र दोनच वह्या चालतात. मुकादमाच्या वहीत उचल आणि कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. कारखान्याच्या वहीत टन असतात. या दोन्ही वह्यांत मुलाला रकाना नाही.

आपल्याकडे मुलाच्या वाढीचं एक पंचांग पूर्वीपासून आहे, फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही. पाचवीला सटवाई, बाराव्या दिवशी बारसं, सहाव्या महिन्याच्या सुमाराला उष्टावण, मग जावळ, संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाण. उष्टावणाचा काळ आजच्या बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशी बरोबर जुळतो: सहा महिने फक्त आईचं दूध, आणि सातव्या महिन्यापासून दुधाबरोबर घट्ट, मऊ अन्न. बोरन्हाणात गर्दीच्या मधोमध बसून बोरं, चुरमुरे उचलायचे, हेही एका परीनं बैठकीची, चिमटीची आणि धिटाईची चाचणीच म्हणायची. (लहानग्यांना बोरं आणि हलव्याचे दाणे घशात अडकू शकतात, तेवढं सांभाळावं.)

या पंचांगात एक सैलपणा होता तो अलीकडे हरवत चाललाय. शेजारणीचं अकराव्या महिन्यात चालायला लागलं, आमचं अजून धरूनच उभं राहतं, म्हणून आई रडकुंडीला येते. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष दिले ते अशा आईला वाचून दाखवावेत. आधाराशिवाय बसणं चौथ्या महिन्यापासून साधारण सव्वानऊ महिन्यांपर्यंत कधीही. एकट्यानं चालणं सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही. आणि काही थोडी मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात, तीही निरोगीच. पांगुळगाड्याची घाई, वॉकरची खरेदी, तेल लावून पाय ओढणं, यातलं काहीच त्या तारखा अलीकडे आणत नाही. वॉकर तर जिन्यावरून पडण्याचं मोठं कारण आहे.

सैलपणा सगळ्याच गोष्टींत मात्र चालत नाही. तिसरा महिना सरला तरी बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नाही, वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नाही, दीड वर्षाला एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेलं काही विसरू लागलं, तर थांबू नये. घरोघर ऐकू येणारं वाक्य असतं, ‘याचा बापपण उशिराच बोलला.’ त्या वाक्यात श्रवणदोषाची दोन-दोन वर्षं बुडालेली आहेत. ऐकू न येणाऱ्या बाळाला पहिल्या वर्षातच यंत्र आणि उपचार मिळाले तर भाषा हाताशी राहते. चौथ्या वर्षी मिळाले तर फार चढ चढावा लागतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. बारामती-इंदापूरच्या कायमच्या रहिवाशाला ही सोय घराजवळ आहे, तिचा आग्रह धरावा. ऊसतोडवाल्याचं मूल मात्र पथक गावी येतं तेव्हा फडात, आणि पथक फडाशेजारच्या अंगणवाडीत येतं तेव्हा त्या अंगणवाडीच्या पटावर नसलेलं, असा योग फार सहज जुळतो.

फडातला दिवस कसा असतो ते या भागातल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे, कारण तो त्याच्याच बांधावर उगवतो. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या थापते, अंधारातच गाडीबरोबर निघते. तान्हं बरोबर असतं. फडाच्या कडेला बाभळीला किंवा गाडीच्या साट्याला झोळी बांधते. थंडी, पाचटाची कूस, चिलटं. मधूनच येऊन पाजते, परत मोळ्या बांधायला लागते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. झोळीजवळ सात-आठ वर्षांची बहीण. बाळाला आवाज भरपूर ऐकू येतात: कोयते, ट्रॅक्टर, माणसांचा आरडाओरडा. पण यातला एकही आवाज त्याच्यासाठी नसतो. बाळानं ‘अं’ केलं, त्यावर कुणी ‘काय गं बाई, काय म्हणतेस?’ असं वळून विचारलं, त्यानं पुन्हा ‘अं’ केलं, ही जी देवाणघेवाण असते तिच्यातून भाषा उगवते. पहिल्या दोन वर्षांत मेंदूचं वजन प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत जातं. त्या काळात बाळाला उत्तर देणारं माणूस लागतं. आईला ते कळत नाही असं समजणारे लोक फडावर कधी गेलेले नसतात. तिच्या डोक्यावर त्या वेळी मोळी असते, एवढंच.

जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८०च्या दशकात एक प्रयोग झाला, तो मला या संदर्भात सगळ्यात मोलाचा वाटतो. वस्त्यांमधली नऊ ते चोवीस महिन्यांची, उंचीनं खुरटलेली १२९ मुलं घेतली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्यातून एक तास, जाई. घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी खेळायला, बोलायला दाखवी. बस. वीस वर्षांनी ती मुलं मिळवती झाली तेव्हा, ज्यांच्या घरी असं कुणी गेलं नव्हतं त्यांच्यापेक्षा त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. आठवड्याचा एक तास आणि घरी केलेला खुळखुळा! इमारत नाही, गणवेश नाही, उद्घाटनाची फीत नाही. कदाचित म्हणूनच अशा गोष्टींना आपल्याकडे अध्यक्ष मिळत नाहीत.

खाण्याचं गणितही असंच बारीक आहे. सहा महिन्यांपुढच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा आणि नवव्या महिन्यानंतर तीन-चारदा थोडं थोडं भरवावं लागतं. फडावर चूल पहाटे एकदा आणि रात्री एकदा पेटते. मधल्या वेळी मिळते ती गार भाकरी, चटणी आणि ऊस. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो खरा, पण नाव गावी आणि तोंड इथं. स्थलांतर करणाऱ्यांची नोंद एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्यासाठी राज्यानं मोबाइलवरची व्यवस्था काढली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण तळापर्यंत चालत जाऊन पोराच्या दंडाला पट्टी लावायला माणूसच लागतं. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर ते मूल तीव्र कुपोषित, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं असं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं उंचीत खुरटलेली निघाली. साखर पिकवणाऱ्या राज्याचा हा आकडा आहे.

तीन ते सहा हा आपल्या भागातला सर्वांत गंमतीचा आणि सर्वांत बिघडलेला टप्पा. तो बिघडवायला गरिबीच लागते असं नाही. बारामती शहरातल्या सोसायट्यांत, एमआयडीसीजवळच्या वसाहतींत आणि आता भिगवण, निमगाव केतकीसारख्या गावांतही सकाळी पिवळ्या व्हॅनमधून तीन वर्षांची मुलं टाय लावून जातात. संध्याकाळी आई विचारते, ‘आज काय लिहिलं?’ चौकटीच्या वहीत पानभर एक ते दहा. शाळेला हे चुकीचं आहे हे पुष्कळदा माहीत असतं. पण गृहपाठ दिला नाही तर पालक दुसरीकडे नाव घालतात. मनगटाची हाडं आणि बोटांचे स्नायू त्या वयात तयार झालेले नसतात. त्या हातांना चिखल, कणीक, वाळू, शेंगा सोलणं, मणी ओवणं लागतं, म्हणजे पुढे पेन्सिल आपोआप धरली जाते. गोष्टी ऐकून ज्याच्याजवळ शब्द साठलेत त्याला अक्षरं लवकर येतात, आणि अक्षरं आधी गिरवून घेतलेल्याला वाचनाचा कंटाळा लवकर येतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला तो याच कारणानं. घरी आजी-आजोबा असतील तर या वयाची निम्मी शाळा तिथंच आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको आणि पाचपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको म्हणते. मोबाइल हातात दिल्याशिवाय घास न घेणारी मुलं मात्र आता वाड्यावस्त्यांवरही दिसतात.

या वयाच्या मुलांसाठी महाराष्ट्रानं देशाला जे दिलं त्याचा विसर पडू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काम केलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसलं तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. नाव देशभर गेलं, पण अंगण मुलाकडे जायचं असतं ही मूळ अट वाटेत कुठंतरी गळाली. आज अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक पट आणि मानधनावर काम करणारी एक ताई, जिच्या मोबाइलमध्ये दिवसभर नोंदी भरायच्या असतात. २०२३च्या डिसेंबरात याच ताया संपावर गेल्या आणि पन्नासहून जास्त दिवस परतल्या नाहीत, तेव्हा पुष्कळ घरांना कळलं की त्या काय करत होत्या.

कुरणशाळेचा धागा आपल्या भागात कुणीच उचलला नाही असं मात्र नाही. राज्यात साखरशाळा निघाल्या, ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी त्या अनेक कारखान्यांवर चालवल्या. सोमेश्वरनगरच्या परिसरात कोपीवरची शाळा भरली, म्हणजे मजुरांच्या कोप्या जिथं तिथंच फळा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर अशी वेगळी शाळा नको, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलाला घ्या, असा विचार पुढे आला. कागदावर तो बरोबर आहे. व्यवहारात शाळा तळापासून दोन किलोमीटरवर, मधे उसाच्या गाड्यांनी भरलेला रस्ता, घरी सांभाळायला धाकटी भावंडं, आणि वर्गात गेलं तर ‘टोळीवाल्यांचं’ म्हणून ओळख. बंजारा तांड्यावरून आलेल्या मुलाची घरची बोली गोरमाटी. त्याला इथलं पुस्तक पहिल्यांदा कानालाच परकं लागतं. पहिली ते चौथीतल्या मुलाचं फार मोठं काम म्हणजे वाचायला शिकणं, आणि ते सलग व्हावं लागतं. नीरा ओलांडून फलटणला गेलं तर मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं कमला निंबकर बालभवन आहे. प्रत्येक मूल मातृभाषेत नीट वाचू शकतं, हे त्यांनी सर्व थरांतली मुलं एका वर्गात बसवून दाखवलं. वर्षाची शाळा दोन गावांत विभागली की ही सलगता जाते. तिसरीत मागे पडलेलं मूल पाचवीत गप्प बसायला शिकतं. त्याला आपण हुशार नाही असं म्हणतो.

शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीला ठेवायची की चौथी-सातवीला, यावर महाराष्ट्रात दहा वर्षांत दोनदा निर्णय फिरला. त्यावर जेवढी चर्चा झाली त्याच्या दशांशही चर्चा हंगामात गायब होणाऱ्या पटाची झाली नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

अकराव्या-बाराव्या वर्षी तळावरचं मूल कामाला येतं. मुलगा वाढे गोळा करतो, बैल सांभाळतो. मुलगी पाणी, स्वयंपाक, भावंडं. तिला पाळी आली की आईबापाच्या जिवाला घोर लागतो. कोपीला दार नसतं, आंघोळीला आडोसा नसतो, आईबाप पहाटे निघून जातात. गावी आजीकडे ठेवावं तर आजी थकलेली. मग स्थळ पाहिलं जातं. त्यात आर्थिक गणितही असतं: लग्न झालं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. त्याच पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के, आणि एकट्या बीड जिल्ह्यात चाळीस टक्क्यांच्या वर. आपल्या भागात पोलीस बालविवाह रोखतात तेव्हा बातमी येते; पण त्या मुलीला कोपीला दार आणि हंगामभर शाळेजवळ राहायची जागा मिळाली असती तर पोलीस लागलेच नसते. ऊसतोड कामगारांच्या शाळकरी मुलामुलींसाठी राज्यानं २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली. जिथं ती नीट चालतात तिथं मुली शिकतात. यापेक्षा सोपा बालविवाहविरोधी उपाय मला माहीत नाही.

बारामती शहरातल्या पंधरा-सोळाच्या पोरांचं दुःख निराळं, पण तितकंच एकाकी. खोली घेऊन क्लासला राहणारी, नीट आणि जेईईच्या फळ्यावर क्रमांक लागणारी, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर जागणारी मुलं. या वयात मेंदूतला भावनांचा भाग आधी पेट घेतो, आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. मित्रांसमोर अपमान झाला की तो जीवघेणा वाटतो. २०२४च्या सप्टेंबरात बारामतीतल्या एका महाविद्यालयाच्या आवारात अशाच भांडणातून एका विद्यार्थ्याचा जीव गेला. त्या सुमारास पोलिसांनी शक्ती अभियान सुरू केलं, शाळा-महाविद्यालयांत तक्रारपेट्या आल्या. ते हवंच. पण पोलिसांच्या आधी या मुलांशी बोलणारं मोठं माणूस हवं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, हे किती वर्गशिक्षकांनी आपल्या मुलांना सांगितलंय? घरी तर एकच प्रश्न असतो, ‘टेस्टला किती पडले?’

आता पुन्हा वह्यांकडे येऊ. कायदा सहा ते चौदा या वयाला शिक्षणाचा हक्क देतो. वसतिगृह शाळकरी वयाला आहे. म्हणजे सर्वांत जास्त वाढ होते ते झोळीतलं आणि रांगतं वय हंगामात पूर्ण उघड्यावर राहतं. १९४८च्या कारखाना कायद्याचं ४८वं कलम सांगत असे की ३०पेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर कारखान्यानं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर द्यावं. साखर कारखान्याच्या यंत्रघरात इतक्या स्त्रिया नसतात. कारखान्याच्या उसाला हात लावणाऱ्या स्त्रिया शेकड्यांनी असतात. पण त्या मुकादमाच्या, आणि मुकादमाकडेही त्या नवऱ्याच्या कोयत्यातला अर्धा भाग. बांधकामावरच्या मजुरांच्या बाबतीत हीच अडचण होती. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर थाटलं, त्यातून मोबाइल क्रेशेस संस्था उभी राहिली आणि १९८१ मध्ये ते काम पुण्यातही आलं. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर पुढच्या इमारतीवर जातं. तळही तसाच हलता आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपावर टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यायचे, असं ठरलेलं आहे. म्हणजे पैशाचा रस्ता आखलेला आहे. टोळीतल्याच एखाद्या बाईला तोडणीऐवजी पाळणाघराची हजेरी दिली, तळावर एक सावलीचं छप्पर, दुपारची एक चूल, जवळच्या अंगणवाडीच्या ताईची आठवड्यातून दोनदा फेरी आणि आरोग्यपथकाचा एक ठरलेला दिवस, एवढ्यानं निम्मं काम होईल. मोळ्या वाहणाऱ्या आयांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मेंढपाळांच्या वाड्याचं काय, हा प्रश्न याहून कठीण आहे. वाडा रोज हलतो. तिथं निदान मुलाची नोंद सोबत चालावी आणि लसीकरण जिथं असेल तिथं व्हावं, एवढी मागणी आज करता येते.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा बॉयलर पेटलेले असतील, गव्हाणीत पहिल्या मोळ्या पडत असतील. या दोन तालुक्यांतल्या वाचकांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद आहेत. भावासाठी, काट्यासाठी आपण वार्षिक सभेत उभे राहतो. या वर्षी आपल्या कारखान्याला लेखी विचारा: आपल्या तळांवर सहा वर्षांखालची मुलं किती आहेत, आणि त्यांची नोंद कुणाच्या वहीत आहे? आकडा मिळाला नाही, तर तुमच्या उसाला तोड लागेल त्या दिवशी बांधावर स्वतः मोजा आणि ती यादी गावच्या अंगणवाडीत नेऊन द्या.